संरक्षण खरेदीची वर्गवारी: पहिल्यांदा उतरणाऱ्या लघुउद्योजकांसाठी पायरी-पायरीने

भोसरीत आमचं मशीन शॉप आहे. बाबांनी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांपासून सुरुवात केली. मी कामात आले तेव्हा शेडमध्ये दोन सीएनसी आणि एक जुनी मिलिंग मशीन होती. २०२१ साली एका मोठ्या कंपनीकडून संरक्षण खात्याच्या एका उपकरणाचं जॉबवर्क आलं. ड्रॉइंग समजलं, टॉलरन्स समजले, मटेरिअल मिळालं. अडकले ते सोबत आलेल्या प्रमाणपत्रापाशी. त्यावर लिहिलं होतं 'बाय (इंडियन-आयडीडीएम)', खाली आयसीची, म्हणजे स्वदेशी घटकाची, टक्केवारी आणि त्याखाली 'टिअर-२ पुरवठादाराची सही', म्हणजे साखळीतल्या दुसऱ्या पातळीच्या पुरवठादाराची. मी दोन दिवस तो कागद टेबलावर ठेवून बसले होते. ज्यांना विचारलं त्यातला प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळं सांगत होता.

आज माझ्याकडं चाकण, भोसरी, अंबड, बुटीबोरी अशा ठिकाणांहून नव्यानं या क्षेत्रात येणाऱ्यांचे फोन येतात आणि प्रश्न तेच असतात. म्हणून हा लेख. लष्कराची कुठलीही मोठी खरेदी समोर आली की आधी दोन गोष्टी शोधायच्या: ती कोणत्या गटात टाकली आहे आणि तिला कुणाची मंजुरी लागते. तुमचा माल किती 'भारतीय' असायला हवा हे गटावर ठरतं. फाइल किती टेबलांवरून जाणार आणि तुम्ही किती वर्षं थांबणार हे मंजुरीवरून कळतं. कच्चा माल कुठून आणायचा हे या दोन उत्तरांशिवाय ठरवायला गेलात तर पुढं पस्तावाल.

पायरी १: खरेदी भांडवली आहे की महसुली, हे आधी बघा

तोफा, क्षेपणास्त्रं, जहाजं, रडार, वाहनांचा नवा ताफा ही भांडवली खरेदी. तिला 'संरक्षण संपादन कार्यपद्धती २०२०' लागू होते. सगळे तिला डीएपी म्हणतात. ती १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आली. त्याच तोफेचे सुटे भाग, दुरुस्ती, ओव्हरहॉल, रोजच्या वापराचं सामान ही महसुली खरेदी. तिचं पुस्तक वेगळं आहे, डीपीएम, आणि त्याची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

तिसराही एक प्रकार आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान कारखान्यांची सुरुवात तिथूनच होते. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातली म्युनिशन्स इंडिया पुण्यात आहे, यंत्र इंडिया नागपुरात. मुंबईत माझगाव डॉक आहे, नाशिकजवळ ओझरला एचएएल आहे. या कंपन्या तुमच्याकडून माल घेतात तेव्हा स्वतःच्या खरेदी नियमांनी घेतात. पण त्यांचं तयार उत्पादन एखाद्या भांडवली करारात जात असेल, तर त्या कराराची आयसीची अट खाली झिरपत तुमच्या दारापर्यंत येते. त्यामुळं 'मी तर फक्त बुश टर्न करून देतो, मला डीएपीशी काय करायचंय' असं म्हणून चालत नाही.

पर्चेस ऑर्डर हातात आली की फोन करून एवढंच विचारा: "साहेब, हा माल शेवटी कोणत्या करारात जाणार आहे आणि त्या कराराची कॅटेगरी काय आहे?" समोरच्याला माहीत नसेल तर त्याच्या वरच्याला विचारायला सांगा. उत्तर ईमेलवर घ्या.

पायरी २: पाच गट ओळखायला शिका

डीएपीत भांडवली खरेदीचे पाच मुख्य गट आहेत आणि ते पसंतीच्या उतरत्या क्रमानं लावलेले आहेत. वरचा गट जमत असेल तर खाली उतरायचं नाही आणि उतरायचं असेल तर का, ते फाइलवर लिहायचं, अशी ही रचना आहे.

*बाय (इंडियन-आयडीडीएम).* सगळ्यात वरचा गट. वस्तूचं डिझाइन भारतात झालेलं हवं, विकास आणि उत्पादनही इथलं हवं आणि किमान ५० टक्के स्वदेशी घटक हवा. विक्रेता भारतीयांच्या मालकीचा आणि नियंत्रणाखालचा हवा. परकी भांडवल ४९ टक्क्यांवर गेलेली कंपनी या गटात बसत नाही. हा गट २०१६च्या कार्यपद्धतीत पहिल्यांदा आला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, मार्च २०१६ मध्ये, गोव्यात बेतुलजवळ भरलेल्या डिफेन्स एक्स्पोत ती कार्यपद्धती जाहीर झाली होती. त्याआधी भारतात जुळवलेलं आणि भारतात डोकं लढवून बनवलेलं यांत कागदावर फारसा फरक नव्हता. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. डिझाइनवर रात्री घालवणाऱ्या माणसाला रांगेत पहिली जागा त्यामुळं मिळाली.

*बाय (इंडियन).* विक्रेता भारतीय, पण डिझाइन इथलंच हवं असं नाही. डिझाइन स्वदेशी असेल तर ५० टक्के स्वदेशी घटक चालतो, नसेल तर ६० टक्के लागतो. नवीन लोक हमखास इथं घसरतात. हा गट आयडीडीएमच्या खाली आहे म्हणजे अट सैल असणार, असं ते धरून चालतात. परदेशी डिझाइनवर माल बनवत असाल तर उलट इथंच टक्का जास्त लागतो.

*बाय अँड मेक (इंडियन).* भारतीय कंपनी परदेशी मूळ उत्पादकाशी हातमिळवणी करते, काही नग तयार येतात, बाकीचे तंत्रज्ञान घेऊन इथं बनतात. इथं बनणाऱ्या भागात किमान ५० टक्के स्वदेशी घटक हवा.

*बाय (ग्लोबल – मॅन्युफॅक्चर इन इंडिया).* परदेशी विक्रेत्याकडून खरेदी, पण पुढचं उत्पादन किंवा देखभाल-दुरुस्तीचं काम भारतात, आणि ५० टक्के स्वदेशी घटक. २०२०च्या कार्यपद्धतीत हा गट नव्यानं आला.

*बाय (ग्लोबल).* थेट आयात. परदेशी विक्रेत्याला स्वदेशी घटकाची अट नाही. भारतीय विक्रेता उतरला तर त्याला ३० टक्के दाखवावे लागतात. २,००० कोटींच्या वरच्या अशा खरेदीत ऑफसेटचा मुद्दा येतो, म्हणजे परदेशी कंपनीनं किमतीचा काही हिस्सा भारतीय उद्योगात परत आणायचा. दोन सरकारांमधल्या थेट करारांना मात्र २०२० पासून तो लागू नाही. एप्रिल २०२२ पासून आयात हा अपवाद मानला जातो आणि त्यासाठी डीएसीची (संरक्षण खरेदी परिषदेची) किंवा संरक्षणमंत्र्यांची खास परवानगी लागते.

शिवाय आयात बंद करायच्या वस्तूंच्या पाच याद्या ऑगस्ट २०२० ते ऑक्टोबर २०२३ या काळात निघाल्या. त्यांत मिळून ५०९ वस्तू आहेत आणि प्रत्येकीसमोर कुठल्या तारखेपासून आयात बंद ते दिलं आहे. तुमच्या उत्पादनाचं नाव त्या यादीत सापडलं तर ती वस्तू भारतीय विक्रेत्याकडूनच घेतली जाणार. ही तपासणी फुकट आहे आणि अर्ध्या तासात होते.

पायरी ३: वस्तू अजून बनलेलीच नसेल तर

वरचे पाच गट तयार किंवा जवळजवळ तयार वस्तूंसाठी आहेत. नवीन काही विकसित करायचं असेल तर 'मेक'चा रस्ता आहे. मेक-१ मध्ये विकासखर्चाचा ७० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकार उचलतं. मेक-२ मध्ये खर्च तुमचा, पण नमुना पास झाला तर पुढं ऑर्डरची वाट मोकळी होते. मेक-३ म्हणजे आयात होणारी वस्तू इथं बनवणं, तिथं ६० टक्के स्वदेशी घटक लागतो.

स्टार्टअप आणि लहान उद्योगांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेलं आयडेक्स आहे. त्यात दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आयडेक्स प्राइममध्ये दहा कोटींपर्यंत. डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी वेगळा, त्याची मर्यादा प्रकल्पामागं ५० कोटी आहे. माझं प्रामाणिक मत विचाराल तर पहिल्याच वर्षी मेक-२ मध्ये उडी घेऊ नका. नमुन्यावरचा खर्च परत कधी येईल हे तुमच्या हातात नसतं. आधी कुणाचा तरी टिअर-२ म्हणून एक करार पूर्ण करा, तपासणी कशी होते ते बघा, मग स्वतःच्या डिझाइनकडं वळा.

पायरी ४: रक्कम बघा आणि सही कुणाची ते ओळखा

गट कळला, आता रक्कम. इथं दोन वेगळ्या मंजुऱ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी लागतात.

पहिली मंजुरी गरजेची: ही वस्तू लागणार आहे, एवढ्या संख्येनं लागणार आहे आणि अमुक गटात घ्यायची आहे. तिला एओएन म्हणतात. ५०० कोटींच्या वरचं प्रकरण संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या संरक्षण खरेदी परिषदेकडं, म्हणजे डीएसीकडं जातं. ही परिषद कारगिलनंतरच्या सुधारणांतून २००१ साली उभी राहिली. ३०० ते ५०० कोटींमधलं प्रकरण संरक्षण सचिवांच्या मंडळासमोर येतं आणि ३०० कोटींच्या आतलं सेना मुख्यालयाच्या पातळीवरचं मंडळ हाताळतं. आधी प्रत्येक प्रकरण एकेक पायरी चढत वर जायचं. २०२० पासून ५०० कोटींपर्यंतच्या प्रकरणांना एकाच टप्प्यात एओएन मिळतं.

दुसरी मंजुरी पैशाची. निविदा, चाचण्या, वाटाघाटी सगळं झाल्यावर करारावर सही होण्याआधी ती लागते. मोठ्या रकमांचं गणित असं: २,००० कोटींपर्यंत संरक्षणमंत्री, २,००० ते ३,००० कोटींत अर्थमंत्र्यांचीही संमती आणि ३,००० कोटींच्या वर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती, म्हणजे सीसीएस.

आपल्याच घरचं उदाहरण घ्या. १५५ मिमी, ५२ कॅलिबरची ओढून न्यायची तोफ, एटॅग्ज, पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं भारत फोर्ज आणि टाटा यांना सोबत घेऊन विकसित केली. १६ मार्च २०२३ ला डीएसीनं तिला, तोफ ओढणाऱ्या वाहनांसह, आयडीडीएम गटात एओएन दिलं. रक्कम ३,००० कोटींच्या कितीतरी वर होती, म्हणून पुढं सीसीएसची मंजुरी लागली. भारत फोर्ज आणि टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याशी सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला २६ मार्च २०२५ ला. तोफ आधीच तयार होती, चाचण्यांची वर्षं मागं पडली होती, तरी एओएनपासून करारापर्यंत दोन वर्षं आणि दहा दिवस लागले. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

लहान उद्योगांच्या फायद्याचा एक निर्णय खूप जणांना माहीतच नसतो. ३० नोव्हेंबर २०२३ ला डीएसीनं ठरवलं की एओएनची रक्कम ३०० कोटींपर्यंत असेल, तर नोंदणीकृत एमएसएमई आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना उलाढाल वगैरे आर्थिक निकष न लावता आरएफपी, म्हणजे प्रस्ताव मागवणारी निविदा, द्यायची. ५०० कोटींपर्यंत सचिवांचं मंडळ प्रकरण पाहून तशी सूट देऊ शकतं. तेव्हा "तुमचा टर्नओव्हर बसत नाही" असं कुणी तोंडी सांगून परत पाठवलं, तर एओएनची रक्कम विचारा आणि उत्तर लेखी मागा.

पायरी ५: एओएनची बातमी म्हणजे ऑर्डर आली असं समजू नका

ही पायरी वेगळी काढली, कारण आमच्या घराला तिची झळ बसली आहे.

एका उपकरणाला एओएन मिळाल्याची बातमी पेपरात आली. त्याची नमुन्याची जुळणी आम्ही करून दिली होती. मी कात्रण कापून बाबांच्या टेबलावर ठेवलं आणि त्याच आठवड्यात बँकेत जाऊन नवीन व्हीएमसीच्या कर्जाचे कागद दिले. बाबांनी विचारलं, "अगं, पीओ आली का?" मी म्हटलं, "बाबा, दिल्लीची मंजुरी आलीये, पीओ आता येईलच." ते काही बोलले नाहीत. मशीन आली, पूजा झाली, पेढे वाटले. चौथ्या महिन्यात हप्ता सुरू झाला. आरएफपी निघाली ती त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. मग तांत्रिक मूल्यमापन, मग चाचण्या. चौदा महिने आम्ही त्या मशीनवर पंपांचे भाग काढून हप्ते भरले. बाबांनी त्या काळात एकदाही मला बोलून दाखवलं नाही, म्हणून तर ते जास्त लागलं.

एओएनचा अर्थ एवढाच की सरकारनं गरज मान्य केली आणि गट ठरवला. एओएनला मुदत असते आणि त्या मुदतीत आरएफपी निघाली नाही तर प्रकरण पुन्हा मांडावं लागतं. बँकेला दाखवायचा कागद म्हणजे मुख्य कंपनीची सही-शिक्क्याची पर्चेस ऑर्डर आणि तिच्यावरचा करार क्रमांक. तोपर्यंत जादा क्षमता लागली तर ती जॉबवर्कनं शेजारच्या शेडकडून घ्या.

पायरी ६: स्वदेशी घटकाचं गणित स्वतः करा

हे काम सीएवर सोडू नका. सीए सही करतो, पण कोणता स्क्रू कुठून आला ते तुम्हालाच माहीत असतं.

हिशोब मूळ करारकिमतीवर होतो, म्हणजे कर आणि शुल्कं वगळून उरलेल्या रकमेवर. त्यातून हे वजा करायचं: आयात केलेला माल, सुटे भाग, जुळण्या, त्यांच्या वाहतूक आणि विम्यासकट, परदेशी व्यक्ती किंवा संस्थेकडून घेतलेल्या सेवा, देशाबाहेर दिलेली परवाना फी, रॉयल्टी, तांत्रिक फी. जे उरलं ते स्वदेशी.

समजा एका जुळणीची किंमत जीएसटी सोडून एक लाख रुपये आहे. आयात केलेला एन्कोडर २२,०००. व्यापाऱ्याकडून घेतलेलं पण मुळात परदेशातून आलेलं खास पोलाद १४,०००. सॉफ्टवेअरची परदेशी परवाना फी ६,०००. जोडणीसाठी आलेल्या परदेशी तंत्रज्ञाचे ३,०००. बेरीज ४५,०००. स्वदेशी घटक ५५ टक्के. आयडीडीएम असेल तर ५०ची अट पार झाली. बाय (इंडियन) असेल आणि डिझाइन परदेशी असेल, तर ६० लागतात, तुम्ही बाहेर.

आता दुसरी चाळणी. नोव्हेंबर २०२३च्या त्याच बैठकीत असंही ठरलं की स्वदेशी घटकातला किमान अर्धा भाग भारतात बनलेला माल, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर यांच्या रूपात हवा. वार्षिक देखभाल करार आणि विक्रीनंतरची सेवा यांचा खर्च हिशोबातूनच काढून टाकला. म्हणजे वरच्या ५५,००० पैकी निदान २७,५०० रुपये प्रत्यक्ष वस्तूंचे हवेत. तुमचे ५५,००० जर २०,००० माल आणि ३५,००० मजुरी, ओव्हरहेड, नफा असे असतील, तर कागदावर ५५ टक्के दिसूनही तुम्ही बसत नाही. हे गणित मी दर नव्या कोटेशनच्या आधी करते, नंतर कधीच नाही.

आमची चूक बेअरिंगमध्ये झाली होती. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली, बिल मराठी माणसाचं, जीएसटी भरलेला, म्हणून मी ती स्वदेशी धरली. मुख्य कंपनीचा तपासनीस आला तेव्हा स्टोअरमध्ये एक खोका उघडा होता. त्यानं बेअरिंग उचललं, टेबललॅम्पखाली धरलं आणि बाहेरच्या कडेवर कोरलेलं देशाचं नाव मला वाचायला लावलं. अक्षरं दोन मिलिमीटरचीसुद्धा नव्हती. आमची टक्केवारी तिथल्या तिथं ५३ वरून ४८ वर आली आणि सगळं प्रमाणपत्र परत. बिल कुठल्या गावचं आहे याला काही अर्थ नसतो, वस्तू कुठं बनली ते बघतात. तेव्हापासून आमच्याकडं माल आत घेताना खोक्यावरच्या आणि वस्तूवरच्या देशाचा फोटो काढून जीआरएनला, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीला, जोडतात.

प्रत्येक पातळीचा पुरवठादार आपल्या वरच्याला प्रमाणपत्र देतो आणि अशी साखळी मुख्य विक्रेत्यापर्यंत जाते. तुमच्या एका चुकीच्या आकड्यानं सगळ्या साखळीचा हिशोब चुकतो. स्वदेशी घटक कमी पडला तर दंड लागतो, आणि खोटा दाखला दिल्याचं निघालं तर पुढच्या व्यवहारांवर बंदी येऊ शकते.

पायरी ७: फाइल कुठं आहे ते ओळखा

क्रम साधारण असा असतो. आधी माहितीची विनंती, आरएफआय. ती संरक्षण मंत्रालयाच्या आणि सेनादलांच्या संकेतस्थळांवर लागते आणि कुणीही उत्तर देऊ शकतं. नवीन माणसानं इथूनच सुरुवात करावी. तुमच्याकडं काय आहे हे सेनादलाला कळतं आणि गट ठरवताना 'देशात बनवणारे आहेत' हा पुरावा फाइलवर येतो. दहा पानांच्या नीट उत्तरानं एखादं प्रकरण आयातीकडून स्वदेशीकडं सरकू शकतं, म्हणून कंटाळा करू नका.

त्यानंतर सेनादल आपल्या तांत्रिक अपेक्षा पक्क्या करतं, एसक्यूआर. मग एओएन, मग आरएफपी. आरएफपीला तांत्रिक आणि किमतीचं अशी दोन पाकिटं द्यायची असतात. किमतीचं पाकीट तांत्रिक कस लागल्यावरच उघडतं. मधे प्रत्यक्ष चाचण्या होतात, वाळवंटात, उंचावर, पावसात, आणि त्यांचा तुमच्या बाजूचा खर्च तुम्हीच करता. तो कोटेशनमध्ये धरायला विसरू नका. मग एल-१, म्हणजे सगळ्यात कमी किमतीचा विक्रेता, ठरतो, वाटाघाटी होतात, पैशाची मंजुरी येते, करार होतो. त्यानंतरही कॅगचं लेखापरीक्षण आणि संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती यांची नजर असते, म्हणून कराराचे कागद माल पोचल्यावर रद्दीत घालू नका.

घाईच्या खरेदीचा रस्ता वेगळा आहे. जुलै २०२० मध्ये सेनादलांना तातडीच्या भांडवली खरेदीसाठी ३०० कोटींपर्यंतचे अधिकार मिळाले. अट अशी होती की सहा महिन्यांत ऑर्डर आणि वर्षभरात पुरवठा सुरू. जून २०२५ मध्ये अशाच तातडीच्या वाटेनं दहशतवादविरोधी मोहिमांसाठी १३ करार झाले, एकूण १,९८१.९० कोटींचे. ड्रोन, रडार, चिलखती जाकिटं अशा वस्तू त्यांत होत्या. ज्यांच्याकडं तपासलेला माल शेल्फवर असतो त्यांनाच हा रस्ता उपयोगी.

पायरी ८: हे कागद आधीच फाइलला लावा

- उद्यम नोंदणी; स्टार्टअप असाल तर डीपीआयआयटीची मान्यता
- भागधारकांची यादी, परकी भांडवल असेल तर टक्क्यासह
- आयएसओ ९००१ प्रमाणपत्र. विमानाचे भाग असतील तर एएस ९१००
- औद्योगिक परवाना लागतो का याची लेखी खातरजमा. बहुतेक सुट्या भागांना लागत नाही, पण परवान्याची यादी स्वतः उघडून बघा
- बीओएम, म्हणजे लागणाऱ्या माल आणि सुट्या भागांची यादी, प्रत्येक ओळीसमोर उगमदेश आणि पुरवठादाराचा दाखला
- डिझाइन तुमचं असेल तर त्याचा माग: तारखेसह ड्रॉइंगच्या आवृत्त्या, गणितं, चाचणी अहवाल, पेटंट असल्यास ते. आयडीडीएमसाठी 'डिझाइन आमचं' असं म्हणून भागत नाही, समितीसमोर ते कागदांनी दाखवावं लागतं
- मटेरिअलचे टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबरसह
- सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटनं तपासलेला स्वदेशी घटकाचा तक्ता

डिझाइनच्या मागाबद्दल थोडं अधिक. आपल्याकडं ड्रॉइंग बदललं की जुनं फाडून टाकायची सवय असते. फाडू नका. आमच्या एका फिक्स्चरचं डिझाइन आमचंच आहे हे सिद्ध झालं ते बाबांच्या हस्ताक्षरातल्या, तेलाचे डाग पडलेल्या एका स्केचवरून. मागच्या बाजूला तारीख होती.

पायरी ९: पहिल्या आठवड्यात एवढं करा

डीएपीची प्रत संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि वर्गवारीचं प्रकरण व स्वदेशी घटकाचं परिशिष्ट छापून घ्या, दुरुस्त्यांसह. दुरुस्त्या न घेता मूळ पुस्तक वाचणं हा मोठा सापळा आहे, वर सांगितलेले २०२२ आणि २०२३ चे निर्णय मूळ छापील प्रतीत नाहीत. जून २०२५ मध्ये या कार्यपद्धतीच्या फेरआढाव्यासाठी समितीही नेमली गेली. त्यामुळं प्रत्येक आरएफपीत ती कोणत्या आवृत्तीप्रमाणं काढली आहे ते आधी वाचा. तुमचं प्रकरण त्याच आवृत्तीनं चालतं.

सृजन पोर्टलवर नोंदणी करा. ऑगस्ट २०२० पासून सुरू असलेल्या या पोर्टलवर संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्या आणि सेनादलं, आज आयात होणाऱ्या कोणत्या वस्तू इथं बनवून हव्या आहेत, त्यांची यादी टाकतात. तुमच्या मशीनवर बसतील असे तीन भाग निवडा, दहा निवडू नका. निविदांसाठी जेम (सरकारी खरेदीचं पोर्टल) आणि डीफप्रोक (संरक्षण निविदांचं पोर्टल) या दोन्ही ठिकाणी खातं उघडा. डिजिटल सही कुणाच्या नावावर घ्यायची ते घरातल्या घरात आधी ठरवा, कारण निविदेच्या शेवटच्या दिवशी तो माणूस गावाला गेलेला असतो.

आणि शेडमध्ये एक पाटी लावा, माल उतरवून घेणाऱ्या पोराला उभ्याउभ्या वाचता येईल अशी. आमच्या स्टोअरच्या दारावर ती पांढऱ्या बोर्डवर निळ्या मार्करनं लिहिलेली आहे: 'खोक्यावरचा देश वाचा. वस्तूवरचा देश वाचा. दोन्हीचा फोटो. मग सही.'